दूरस्थ कर्मचाऱ्यांचे काम पाहण्यासाठी व्यवस्थापकांना कसे तयार करावे

संस्थेतील काही माणसे घरून किंवा दुसऱ्या शहरातून काम करू लागली की त्यांना लॅपटॉप मिळतो, इंटरनेटची सोय होते, कोणते ॲप कसे वापरायचे याची माहितीही दिली जाते. त्यांचे काम ज्यांनी पाहायचे त्या व्यवस्थापकांना मात्र बहुधा काहीच शिकवले जात नाही. आजवर ते जसे काम पाहत आले तसेच यापुढेही पाहतील, असे गृहीत धरले जाते आणि तिथेच गाडी अडते. व्यवस्थापकांच्या अशा प्रशिक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आली आहे, अशा मनुष्यबळ विभागातील नवख्या अधिकाऱ्यांसाठी, प्रशिक्षकांसाठी आणि छोट्या संस्थांमध्ये हे काम अंगावर घेतलेल्या वरिष्ठांसाठी हा लेख आहे.

अडचण नेमकी कुठे आहे

कार्यालयात बसणाऱ्या व्यवस्थापकाला टीमची बरीचशी माहिती न विचारता मिळत असते. कोणाचा चेहरा उतरलेला आहे, कोण तासाभरात तिसऱ्यांदा शेजारच्याला काही विचारायला उठले, कोणत्या टेबलाभोवती घोळका जमला आहे, हे तो जाता-येता टिपतो आणि कुठे लक्ष घालायचे ते त्यावरून ठरवतो. एमआयटीतील थॉमस ॲलन यांनी १९७०च्या दशकात अभियंत्यांच्या संवादाचा अभ्यास केला, तेव्हा एकाच इमारतीतसुद्धा टेबलांमधले अंतर वाढत गेले की बोलणे झपाट्याने कमी होते असे त्यांना आढळले होते. माणूस इमारतीबाहेरच गेला की आपसूक मिळणारी ही माहिती जवळजवळ थांबते.

मग व्यवस्थापक दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर तो दर तासाला ‘कुठवर आले?’ असे विचारत राहतो, नाहीतर महिनामहिना विचारपूसच करत नाही. वरवर पाहता ही दोन वेगळ्या स्वभावांची माणसे वाटतात, पण दोघांची अडचण एकच असते: काम कुठे पोहोचले आहे हे कळण्याचा दुसरा मार्ग त्यांना ठाऊक नसतो. तो मार्ग त्यांच्या हाती देणे हे या प्रशिक्षणाचे काम आहे. माणूस जागेवर आहे की नाही हे पाहण्याऐवजी काम पाहायला शिकणे, असे ते थोडक्यात सांगता येईल. पण एवढे सांगून कोणीही शिकत नाही. हे कौशल्य सरावाने येते, आणि म्हणून पुढच्या सर्व पायऱ्यांमध्ये व्याख्यान थोडे आणि सराव अधिक आहे.

अविश्वासाचा प्रश्न पहिल्याच दिवशी पुढे येईल, तेव्हा त्याची तयारी ठेवा. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ११ देशांतील २०,००० लोकांचे सर्वेक्षण केले. त्यात ८७ टक्के कर्मचाऱ्यांनी आपले काम चांगले होत असल्याचे सांगितले, तर ८५ टक्के वरिष्ठांनी या नव्या पद्धतीत लोकांचे काम नीट होते आहे याची खात्री वाटणे अवघड झाल्याचे सांगितले. दोन्ही आकडे लोकांच्या स्वतःच्या मतांचे आहेत, प्रत्यक्ष मोजलेल्या कामाचे नाहीत, हे सहभागींना स्पष्ट सांगावे. मोजलेल्या कामाबद्दल निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक उपयोगी पडतो. ट्रिपडॉटकॉम या चिनी कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिले गेले; त्यांच्या मूल्यमापनात किंवा बढतीत फरक पडला नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी प्रत्येक तुकडीला आवर्जून सांगतो. प्रयोगाआधी तिथल्या व्यवस्थापकांना सरासरीने कामगिरी २.६ टक्क्यांनी घसरेल असे वाटत होते. प्रयोग संपल्यावर त्यांचेच मत १ टक्का वाढीच्या बाजूला झुकले होते. शंका असणे स्वाभाविक आहे आणि ती अनुभवाने बदलू शकते, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

सुरुवातीला शिकवू नका, ऐकून घ्या

आराखडा तयार करण्याआधी दोन आठवडे माहिती गोळा करण्यासाठी राखून ठेवा. पाच-सहा व्यवस्थापकांशी आणि त्यांच्या टीममधील दूरस्थ कर्मचाऱ्यांशी वेगवेगळे बोला. व्यवस्थापकाला ‘तुम्हाला काय अडचणी येतात?’ असे विचारले तर इंटरनेट, मीटिंग, शिस्त अशी ठरावीक उत्तरे मिळतात. त्याऐवजी ‘तुमच्या टीममधील अमुक व्यक्ती या आठवड्यात काय करते आहे, आणि ते तुम्हाला कसे कळले?’ असे विचारावे. उत्तराचा दुसरा भाग फार बोलका असतो. काहींना ते सांगताच येत नाही, काही जण चॅटवरच्या हिरव्या ठिपक्याकडे बोट दाखवतात, तर एखादी व्यवस्थापिका शांतपणे कामांची यादी उघडून दाखवते. ती व्यवस्थापिका पुढे तुमची मोठी मदतनीस ठरेल; तिचे नाव लिहून ठेवा.

कर्मचाऱ्यांना विचारताना एकच प्रश्न पुरेसा होतो: मागच्या महिन्यात तुम्ही कामात अडला होता तेव्हा व्यवस्थापकाला ते कधी आणि कसे कळले? अडल्यापासून कळेपर्यंत गेलेले दिवस मोजा. प्रशिक्षणानंतर हाच आकडा पुन्हा पाहायचा आहे. या बोलण्यातून आलेली माहिती कोणाच्या नावासह वरिष्ठांकडे जाणार नाही हे आधी सांगा आणि ते शेवटपर्यंत पाळा. एकदा विश्वास मोडला की पुढची सगळी उत्तरे गुळमुळीत येतात.

आराखडा

एका दिवसाची सलग कार्यशाळा घेण्याचा मोह टाळा. ठरवायला ती सोपी असते, पण तिच्यातले फार थोडे टिकते. हर्मन एबिंगहॉस यांनी १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हापासून हे ठाऊक आहे की शिकलेले सुरुवातीलाच वेगाने विसरले जाते आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते. सहा आठवडे, दर आठवड्याला दीड तासाचे एक सत्र, आणि दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत स्वतःच्या टीमवर करून पाहायचे एक छोटे काम, अशी रचना मला सर्वांत उपयोगी वाटते. तुकडीत आठ ते बारा जण असावेत; त्याहून अधिक असतील तर सरावात निम्मे लोक नुसते बघत बसतात.

सत्रे व्हिडिओ कॉलवरच घ्या, सर्व व्यवस्थापक एकाच इमारतीत बसत असले तरी. आवाज तुटणे, दोघांनी एकदम बोलणे, बोलायचे असूनही संधी न मिळणे, हे सारे त्यांनी स्वतः अनुभवले की पुढचे अर्धे समजावणे वाचते. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणे मांडली त्यांत स्वतःचा चेहरा सतत समोर दिसणे आणि एकाच जागी खिळून बसावे लागणे ही दोन आहेत. म्हणून चाळीस मिनिटांनी विश्रांती द्या, स्वतःची चौकट लपवण्याचा पर्याय दाखवा, आणि दोघांनी करायच्या सरावाला कॅमेऱ्याशिवाय नुसता आवाज चालेल असे सांगा.

पहिले सत्र: काम शब्दांत मांडणे

माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा पाया हाच आहे. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टांवर आधारलेल्या व्यवस्थापनाची कल्पना मांडली, त्याला आता सत्तर वर्षे होऊन गेली. तरीही रोजची कामे आपण एका ओळीत सांगून मोकळे होतो. कार्यालयात ते खपते, कारण अर्धवट सांगितलेले काम कर्मचारी दिवसभरात दोनदा विचारून पूर्ण करून घेतो. दूर बसलेला माणूस मात्र विचारायला कचरतो, स्वतःच्या अंदाजाने पुढे जातो आणि तीन दिवसांनी भलतेच काहीतरी तयार होऊन येते.

प्रत्येक सहभागीला त्याने गेल्या आठवड्यात पाठवलेला, काम सोपवणारा एक खरा संदेश आणायला सांगा. एका तुकडीत असा संदेश आला होता: ‘ग्राहकांच्या तक्रारींचा अहवाल जरा लवकर तयार करा.’ तो दुसऱ्या सहभागीला वाचायला दिला आणि काम सुरू करण्याआधी कोणते प्रश्न पडतात ते लिहायला सांगितले. पाच मिनिटांत नऊ प्रश्न निघाले: कोणत्या काळातल्या तक्रारी, किती पानी, कोण वाचणार, ‘लवकर’ म्हणजे आज की या आठवड्यात, आणि असे आणखी काही. मग ज्याचा संदेश होता त्या व्यवस्थापकाने तो पुन्हा लिहिला:

‘मागील तिमाहीतील तक्रारींचा दोन पानी अहवाल गुरुवारी दुपारी ४ पर्यंत हवा आहे. तक्रारींचे प्रकार, प्रत्येक प्रकाराची संख्या आणि सर्वाधिक तक्रारी असलेल्या तीन प्रकारांची कारणे एवढेच त्यात असावे. कोणत्या विभागाला जादा माणसे द्यायची हे शुक्रवारच्या बैठकीत यावरून ठरणार आहे. आकडे तक्रार नोंदींमधून घ्यावेत. नोंद अपुरी वाटल्यास अंदाजाने न भरता मंगळवारपर्यंत मला कळवावे. मांडणी कशी करायची ते तुम्ही ठरवा.’

हा संदेश लिहायला त्या व्यवस्थापकाला सात मिनिटे लागली. त्यात काय तयार व्हायचे, कधीपर्यंत, कशासाठी, अडल्यास कधी कळवायचे आणि कोणता निर्णय कर्मचाऱ्याचा स्वतःचा आहे, हे सगळे आले आहे. शेवटचे वाक्य सहभागी सहसा विसरतात. ते विसरू देऊ नका. बाकी सगळे बारकाईने सांगून कर्मचाऱ्यासाठी काहीच मोकळे ठेवले नाही, तर तो हुकूम होतो, आणि हुकुमाप्रमाणे काम करणारा माणूस डोळ्यांसमोर दिसणारी चूकही सांगत नाही.

आठवड्याचे काम म्हणून प्रत्येकाने असे तीन संदेश लिहावेत आणि ज्याला काम दिले त्यालाच विचारावे की आणखी काय सांगायला हवे होते. कर्मचाऱ्यांची उत्तरे पुढच्या सत्रात वाचून दाखवावीत.

दुसरे सत्र: कोणती गोष्ट कुठे बोलायची

हे सत्र छोटे ठेवले तरी चालते. टीममध्ये चॅट, ईमेल, फोन, व्हिडिओ कॉल आणि कामांची सामाईक यादी अशी चार-पाच साधने असतात आणि कोणती गोष्ट कशावर सांगायची याचा नियम नसतो. त्यामुळे एकाच कामाचे तुकडे चार ठिकाणी विखुरतात आणि प्रत्येक संदेश तातडीचा वाटू लागतो. प्रत्येक व्यवस्थापकाने आपल्या टीमबरोबर बसून एका पानाचा करार लिहावा: तातडीचे असेल तर फोन, आजच्या आज उत्तर हवे असेल तर चॅट, उद्यापर्यंत चालणार असेल तर ईमेल, आणि घेतलेला प्रत्येक निर्णय सामाईक कागदावर. सर्व जण एकाच वेळी उपलब्ध असतील असे दिवसातले तीन-चार तासही त्यात ठरवावेत. बाकीचा वेळ ज्याचा त्याने लावावा.

निर्णय लिहून ठेवण्याचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो अंगवळणी पडायला सर्वांत अवघड आहे. कार्यालयात निर्णय चहाच्या वेळी होतात आणि तोंडोतोंडी पसरतात. गिटलॅबसारखी कंपनी, जिला स्वतःचे मुख्य कार्यालयच नाही, आपल्या कामाच्या पद्धती एका विस्तृत हस्तपुस्तिकेत लिहून ती सर्वांसाठी खुली ठेवते. तेवढे मोठे काही करण्याची गरज नाही. पण मीटिंग संपल्यावर दहा मिनिटांच्या आत काय ठरले, कोणी करायचे आणि कधीपर्यंत, या तीन ओळी लिहिल्या गेल्याच पाहिजेत.

याच सत्रात मीटिंगची यादी काढायला लावा. ज्या मीटिंगमध्ये प्रत्येक जण आळीपाळीने ‘मी काय केले’ एवढेच सांगतो ती बंद करून लिखित नोंद सुरू करता येते, आणि वाचलेला वेळ पुढच्या सत्रात शिकवायच्या गोष्टीकडे वळवता येतो.

तिसरे आणि चौथे सत्र: एकेकट्याशी बोलणे

या विषयाला मी नेहमी दोन सत्रे देतो. प्रत्येक दूरस्थ कर्मचाऱ्याशी आठवड्यातून एकदा अर्धा तास, ठरलेल्या वेळी, दोघांनीच बोलणे, एवढी एक सवय व्यवस्थापकाला लागली तर हे सगळे प्रशिक्षण सार्थकी लागले असे मी मानतो. ही वेळ रद्द करायची नाही; फार तर पुढे ढकलायची, आणि तीही त्याच आठवड्यात. व्यवस्थापक वेळ वारंवार रद्द करतो तेव्हा दूरच्या माणसाला त्याचा अर्थ ‘मी महत्त्वाचा नाही’ असाच लागतो, कारण उलटे सांगणारे दुसरे काही त्याच्या नजरेला पडत नसते.

सराव तिघांच्या गटात करा: एक व्यवस्थापक, एक कर्मचारी, एक निरीक्षक. कर्मचाऱ्याची भूमिका करणाऱ्याला वेगळी चिठ्ठी द्या. तिच्यावर लिहिलेले असावे: ‘काम चालू आहे असेच सांगा. प्रत्यक्षात आठ दिवसांपासून दुसऱ्या विभागाकडून आकडे आलेले नाहीत आणि पुन्हा मागायचा तुम्हाला संकोच वाटतो. नेमके विचारल्याशिवाय हे सांगू नका.’ पहिल्या फेरीत बोलणे बहुधा असे होते:

‘काम कसे चालले आहे?’

‘ठीक आहे, मॅडम.’

‘गुरुवारपर्यंत होईल ना?’

‘हो, होईल.’

‘काही अडचण?’

‘नाही, तशी काही नाही.’

दीड मिनिटात सगळे संपते आणि दोघेही समाधानाने थांबतात. मग निरीक्षकाला विचारा, शेवटच्या उत्तरात काय ऐकू आले? कोणीतरी हमखास म्हणते, ‘तशी’. अडचण नसलेला माणूस ‘नाही’ एवढेच म्हणतो. ‘तशी काही नाही’ म्हणणाऱ्याच्या मनात काहीतरी असते आणि ते सांगावे की नाही हे त्याचे ठरलेले नसते. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हे दिसले असते. फोनवर ते अशा एका शब्दातून ऐकावे लागते. दुसऱ्या फेरीत व्यवस्थापकाने हो-नाहीत उत्तर देता येईल असा एकही प्रश्न विचारायचा नाही असा नियम घाला:

‘अहवालाचा कोणता भाग झाला आणि कोणता राहिला आहे, ते मला स्क्रीनवर दाखवता का?’ असे एका सहभागीने विचारले. हो-नाहीचा नियम तिने मोडला होता, पण निरीक्षकाने अडवले नाही आणि ते बरेच झाले.

‘पहिले दोन भाग झालेत, मॅडम. तिसऱ्याचे आकडे यायचे आहेत.’

‘ते कधी मागितले होते?’

‘मागच्या सोमवारी.’

‘त्यानंतर पुढे काय झाले?’

थोडा वेळ शांतता. ‘एकदा आठवण केली. पण ते कामात असतात. सारखे विचारणे बरे वाटत नाही.’

ही शांतता भरून काढायची नाही, हे शिकवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. कॉलवरची पाच सेकंदे खूप लांब वाटतात आणि व्यवस्थापक घाईने पुढचा प्रश्न टाकतो. निरीक्षकाच्या हाती घड्याळ द्या आणि कोण किती वेळ बोलले ते टिपायला सांगा. व्यवस्थापक निम्म्याहून अधिक वेळ बोलत असेल तर तो अर्धा तास मीटिंगसारखाच झाला.

चौथ्या सत्रात खालावत चाललेल्या माणसाला ओळखण्याविषयी बोला. दुरून खूण दिसते ती बदलात: सविस्तर लिहिणारी व्यक्ती एका शब्दात उत्तरे देऊ लागते, कधी चुका न करणाऱ्याच्या साध्या चुका वाढतात, संदेश मध्यरात्रीचे येऊ लागतात, महिनोनमहिने कोणी रजाच घेत नाही. मात्र मुळातच कमी बोलणाऱ्याचे कमी बोलणे ही खूण नव्हे, म्हणून प्रत्येकाची नेहमीची रीत माहीत असायला हवी. व्यवस्थापकाने निदान करायचे नसते. ‘गेल्या दोन आठवड्यांत तुमचे संदेश फार रात्री येत आहेत असे मला दिसले, कामाचा भार जास्त झाला आहे का, की आणखी काही?’ एवढे विचारावे, ऐकावे, भार कमी करता येत असेल तर करावा, आणि संस्थेत समुपदेशनाची सोय असेल तर ती सांगावी.

पाचवे सत्र: पाळत, न्याय आणि कामाचे तास

ठरावीक वेळाने स्क्रीनची छायाचित्रे घेणारी, कळा किती दाबल्या ते मोजणारी सॉफ्टवेअर बाजारात आहेत, आणि कोणीतरी त्यांच्याविषयी विचारणारच. माझे मत मी स्पष्टपणे सांगतो: काम मोजण्यासाठी ती वापरू नयेत. त्यांना हालचाल मोजता येते, काम नाही. एखादा माणूस अर्धा तास कागदावर विचार करत असेल तर त्यांच्या लेखी तो रिकामा बसलेला असतो. शिवाय माउस आपोआप हलवणारी उपकरणेही बाजारात मिळतात, त्यामुळे प्रामाणिक माणसाला अपमान वाटतो आणि काम टाळणारा मोजणीत व्यवस्थित उत्तीर्ण होतो. माहितीच्या सुरक्षेसाठीच्या नोंदी किंवा ग्राहकांशी झालेल्या फोनचे रेकॉर्डिंग ही वेगळी गोष्ट आहे. पण काय नोंदवले जाते, कोण पाहते आणि किती दिवस ठेवले जाते हे कर्मचाऱ्याला आधी लेखी सांगितलेले असले पाहिजे, आणि त्या त्या देशाचा कायदा काय सांगतो हे संस्थेच्या कायदेशीर सल्लागाराकडून तपासून घेतले पाहिजे.

दुसरा भाग न्यायाचा. ब्लूम यांनीच सीट्रिप या कंपनीच्या शांघायमधील कॉल सेंटरमध्ये नऊ महिने केलेल्या आधीच्या प्रयोगात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, चार दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली होती. आणि तरीही त्यांच्या कामगिरीच्या मानाने त्यांना बढत्या मात्र कमी मिळाल्या होत्या. या निष्कर्षावर सहभागींना थांबवून विचार करायला लावा. कोणी मुद्दाम अन्याय करत नसतो. नवे, चांगले काम आले की डोळ्यांसमोर असलेल्या माणसाचे नाव आधी सुचते, इतकेच. पण वर्षभर तेच घडत राहिले की दूरच्या माणसाच्या नोंदीत दाखवण्यासारखे काही उरत नाही. प्रत्येक व्यवस्थापकाने गेल्या सहा महिन्यांत महत्त्वाची कामे कोणाकोणाला दिली याची यादी करावी आणि प्रत्येक नावासमोर ती व्यक्ती कुठून काम करते ते लिहावे. ही यादी सत्रात कोणाला दाखवायची नाही. ती करताना जे चेहरे गंभीर होतात ते पुरेसे असते.

निम्मी माणसे खोलीत आणि निम्मी पडद्यावर असलेल्या मीटिंगसाठी एवढेच सांगा की पहिली संधी पडद्यावरच्यांना द्यावी आणि मीटिंग संपल्यावर खोलीत चर्चा पुढे चालू ठेवू नये.

कामाच्या तासांबद्दल व्यवस्थापकाचे वागणे हाच नियम ठरतो. त्याने रात्री अकराला ‘उद्या बघितले तरी चालेल’ असे लिहून पाठवले तरी कर्मचारी ते रात्रीच बघतो. संदेश ठरावीक वेळी आपोआप जावा अशी सोय बहुतेक साधनांमध्ये असते. ती सर्वांना प्रत्यक्ष वापरायला लावा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मोकळे राहण्याचा हक्क कायद्यात आला आहे, आणि पोर्तुगालने २०२१ मध्ये केलेल्या कायद्याने विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क न करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. आपल्या देशात असा कायदा असो वा नसो, टीमच्या एका पानाच्या करारात ही वेळ लिहून ठेवता येते.

सहावे सत्र: काम बिघडते तेव्हा

काम उशिरा किंवा निकृष्ट येऊ लागले की व्यवस्थापकाच्या मनात पहिला विचार ‘घरी बसून टाळाटाळ चालली आहे’ असा येतो. तो शेवटी ठेवायला शिकवा. आधी काम नीट सांगितले होते का, मग साधने आणि माहिती मिळाली होती का, मग ते काम त्या व्यक्तीला येते का, मग घरची किंवा तब्येतीची काही अडचण आहे का, या क्रमाने पाहावे. पहिल्या दोन कारणांची जबाबदारी व्यवस्थापकाकडेच येते, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक प्रकरणे तिथेच सुटतात.

नाराजी चॅटवर व्यक्त करायची नाही, हा नियम पक्का असावा. लिहिलेले वाक्य वाचणाऱ्याला नेहमी अधिक कठोर वाटते आणि ते तो पुन्हा पुन्हा वाचतो. बोलणे कॉलवर करावे, त्यात नेमके काय घडले ते तारखेसह सांगावे, समोरच्याचे म्हणणे ऐकावे आणि मगच काय ठरले ते दोन-तीन ओळींत लिहून पाठवावे. ‘तुमचे लक्ष नसते’ याऐवजी ‘५ तारखेचा आणि १२ तारखेचा अहवाल प्रत्येकी दोन दिवस उशिरा आला आणि त्यामुळे हिशेब विभाग थांबला’ असे म्हणण्याचा सराव तिघांच्या त्याच गटांत करून घ्या. चांगल्या कामाची दाद मात्र लिहून, आणि शक्यतो टीमसमोर द्यावी. दूरच्या माणसाच्या कानावर ती दुसऱ्या कोणाकडून सहज पडत नाही.

नव्याने रुजू झालेल्यांसाठी याच सत्रात वीस मिनिटे राखून ठेवा. त्यांच्याकडे जुन्या ओळखी नसतात, त्यामुळे कोणाला काय विचारायचे हेच त्यांना कळत नाही. पहिल्या महिन्यात रोज पंधरा मिनिटे बोलणे, टीममधील एक जुना सहकारी सोबती म्हणून देणे आणि पहिल्या आठवड्यातच पूर्ण करता येईल असे एक छोटे खरे काम सोपवणे, या तीन गोष्टींनी बराच फरक पडतो.

झालेले शिक्षण मोजणे

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार टप्प्यांत मांडले: सहभागींना कसे वाटले, ते काय शिकले, त्यांचे वागणे बदलले का, आणि संस्थेला काय लाभ झाला. बहुतेक ठिकाणी शेवटच्या सत्रात एक अर्ज भरून घेतात आणि पहिल्याच टप्प्यावर थांबतात. तुम्ही किमान तिसऱ्या टप्प्यापर्यंत जा. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. सुरुवातीला ज्या कर्मचाऱ्यांशी बोलला होता त्यांच्याशी तीन महिन्यांनी पुन्हा बोला आणि तोच प्रश्न विचारा: अडला होता तेव्हा व्यवस्थापकाला किती दिवसांनी कळले? ठरलेल्या साप्ताहिक भेटींपैकी किती खरोखर झाल्या तेही कॅलेंडरवरून मोजा.

काही व्यवस्थापकांमध्ये काहीच बदल झालेला दिसणार नाही. त्यांना पुन्हा सहा सत्रांना बसवू नका. बहुधा त्यांच्याकडे माणसे जास्त असतात किंवा त्यांचे स्वतःचे वरिष्ठ त्यांच्याशी असेच वागत असतात. पहिल्या बाबतीत टीमचा आकार कमी करण्याची शिफारस करावी लागते, आणि दुसऱ्या बाबतीत पुढची तुकडी त्या वरिष्ठांची घ्यावी लागते. तीन महिन्यांनंतरच्या फेरभेटीची तारीख सहावे सत्र संपण्याआधीच सर्वांच्या कॅलेंडरवर टाका, आणि सुरुवातीला जिने कामांची यादी उघडून दाखवली होती त्या व्यवस्थापिकेला पुढच्या तुकडीचे पहिले सत्र तुमच्यासोबत घ्यायला आताच विचारून ठेवा.